‘चालेल’ म्हणजे काय? पतिपत्नींच्या बोलण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

विदर्भात वाढलेली मुलगी लग्न होऊन पुण्यात येते आणि नवऱ्याला बाजारातून सांबार आणायला सांगते. तो सांबारमसाल्याचे पाकीट घेऊन येतो. तिला हवी असते कोथिंबीर. कोल्हापूरकडच्या घरात ‘चटणी’ मागितली तर लाल तिखटाचा डबा पुढे येतो, मुंबईच्या घरात ओल्या नारळाची वाटी. असे किस्से घरोघरी असतात, पाहुण्यांना ते पुन्हा पुन्हा सांगितले जातात आणि त्यांनी कुणाचे वाईट झालेले नसते. वस्तू समोर आली की चूक कळते, कळली की मिटते. या पुस्तकाचा विषय तो नव्हे.

विषय आहे दुसऱ्या जातीचे शब्द. ‘चालेल’, ‘बघू’, ‘काही नाही’, ‘तू म्हणशील तसं’, ‘बरं’, ‘हं’. यांच्या मागोमाग कुठलीही वस्तू घरात येत नाही, त्यामुळे चूक उघडी पडण्याची सोयच नसते. “रविवारी ताईकडे जाऊ या?” “चालेल.” विचारणाऱ्याने ऐकली इच्छा. उत्तर देणारीने कळवली होती फक्त हरकत नसल्याची बाब. रविवारी दोघे जातात. परतताना ती गप्प असते आणि त्याला कारण उमगत नाही. महिन्याभराने भांडण निघते तेव्हा तो म्हणतो, “तूच तर हो म्हणालीस.” ती म्हणते, “मी कधी हो म्हणाले?” दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी नातेवाईक स्वभावाकडे बोट दाखवतात आणि समुपदेशक मनाकडे पाहतो. भाषेचा अभ्यासक आधी त्या शब्दाकडे पाहतो, तो कुणासमोर उच्चारला गेला आणि किती वेळ थांबून उच्चारला गेला हे विचारतो. या पाहण्याची आता एक शिस्तबद्ध शाखा झाली आहे, आणि मराठी वाचकाने तिच्यात यावे म्हणून ही प्रस्तावना.

या शाखेतला माझा सर्वांत आवडता प्रयोग एका ‘ओके’भोवती फिरतो. डेबोरा टॅनन या अमेरिकी भाषाभ्यासक बाईंनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात एक छोटा संवाद घेतला. बायको सांगते की अमक्याकडे पार्टी आहे, आणि जायचे का असे विचारते. नवरा म्हणतो, ओके. काही वेळाने ती पुन्हा विचारते, नक्की जायचे ना? तो म्हणतो, ओके, नको जाऊ या, तसाही मी दमलोय. टॅनन यांनी हा संवाद ग्रीक, अमेरिकी आणि ग्रीक वंशाच्या अमेरिकी लोकांपुढे ठेवला आणि विचारले: नवऱ्याचा पहिला ‘ओके’ स्वतःच्या इच्छेतून आलेला होता, की बायकोला जायचे आहे असे समजून दिलेला होता? दुसरा अर्थ घेण्याकडे ग्रीकांचा कल अमेरिकनांपेक्षा जास्त निघाला. कारण विचारल्यावर दोन्ही गटांतल्या लोकांनी त्याच गोष्टीकडे बोट दाखवले, उत्तराच्या तोकडेपणाकडे. ग्रीकांच्या मते मनापासून जायचे असते तर माणूस एवढ्यावर थांबला नसता. अमेरिकनांच्या मते एवढ्या मोकळेपणाने, आढेवेढे न घेता हो म्हटले यातच इच्छा दिसते. पुरावा एक आणि निष्कर्ष उलटे. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ग्रीक वंशाच्या अमेरिकनांचा कल ग्रीकांच्या जवळ जाणारा होता, आणि त्यांच्यातल्या काहींना ग्रीक भाषा बोलताही येत नव्हती. भाषा गेली तरी बोलण्याची रीत मागे राहते. इंदूर, वडोदरा किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांविषयी हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

टॅनन बर्कलीला शिकल्या आणि तिथे त्यांच्यावर जॉन गम्पर्झ यांचा मोठा प्रभाव पडला. गम्पर्झ यांचे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर १९७१ साली त्यांनी लिहिलेला एक गाजलेला लेख सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडविषयी आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यामुळे या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आली, शब्द मात्र वेगळे कसे राहिले, हे त्यांनी तिथे दाखवले. पुढे त्यांचे लक्ष वळले ते शब्द सारखा असूनही अर्थ वेगळा पोचतो अशा प्रसंगांकडे. इंग्लंडमधल्या एका विमानतळाच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या भारतीय-पाकिस्तानी बायका जेवण वाढताना ‘ग्रेव्ही’ एवढेच म्हणत आणि सूर खाली आणत. इंग्रज कानाला ‘ग्रेव्ही हवी का’ असे विचारताना सूर वर जाणे अपेक्षित होते. परिणाम असा की बायका उद्धट ठरल्या, आणि बायकांना वाटले की आपल्याला हिणवले जाते आहे. सूर चुकला असे कुणाच्याही मनात आले नाही. गम्पर्झ यांच्याकडून शिकण्याची मोठी गोष्ट हीच: अर्थाची चूक अर्थाच्या नावावर कधी जमा होत नाही, ती माणसाच्या स्वभावाच्या नावावर जमा होते. सहकाऱ्यांचे एक ठीक, ते संध्याकाळी आपापल्या घरी जातात. नवराबायकोंच्या बाबतीत ही जमा वीस-वीस वर्षे चालू राहते.

हे सगळे बाहेरून आले आहे असे मात्र समजू नये. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित मम्मट ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ एवढे एकच वाक्य घेतो आणि ते ऐकणारे बदलले की अर्थ कसे बदलतात याची मालिकाच देतो: कुणाला ती शत्रूवर चालून जाण्याची वेळ, कुणाला काम थांबवण्याची, कुणाला गुरे आत घेण्याची, कुणाला प्रियकराकडे निघण्याची. त्याच ग्रंथात, शब्दातून सुचणारा अर्थ कशाकशावर अवलंबून असतो याची यादी आहे. बोलणारा कोण, ज्याला उद्देशून बोलले तो कोण, काकू म्हणजे आवाजाचा हेल, प्रसंग, जागा, वेळ, आणि ‘अन्यसन्निधी’, म्हणजे तिसरे कोणी जवळ असणे. या शेवटच्या मुद्द्यापाशी मी नेहमी थबकते. पाश्चात्त्य प्रयोगशाळेत नवराबायकोला एका खोलीत समोरासमोर बसवतात आणि दार लावून घेतात. आपल्याकडच्या घरात ते दार लागलेले नसते. सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असताना सुनेने नवऱ्याला दिलेले ‘चालेल’ आणि रात्री खोलीत दिलेले ‘चालेल’ यांना एक शब्द म्हणणेच धाडसाचे. पहिल्या ‘चालेल’चा अर्धा भाग सासूबाईंसाठी असतो. तो अर्धा भाग नवऱ्याने आपल्या खाती धरला, की रात्री खटका उडतो.

संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त उद्धृत केलेल्या एका प्राकृत गाथेत हीच जाण दिसते. नायिकेच्या ओठावर प्रियकराच्या दातांची खूण आहे. पतीला ऐकू जाईल अशा बेताने एक मैत्रीण नायिकेला रागे भरते: भुंगा असलेले कमळ हुंगू नको म्हटले तरी हुंगलेस, आता ओठाला दंश झाला, सोस. नायिकेला कळते की आपली बाजू सावरली जाते आहे. पतीला कळते की ओठावरची खूण भुंग्याची आहे. शेजारीपाजारी आणखी वेगळे काही समजतात. एक वाक्य, आणि जितके कान तितके अर्थ, तेही बोलणारीने ठरवून पोचवलेले. काव्यशास्त्राने मात्र गृहीत धरलेला ऐकणारा सहृदय आहे, सूचित अर्थ त्याच्यापर्यंत पोचतोच. नवा अभ्यास पुढचा प्रश्न विचारतो. अर्थ पोचला नाही, आणि तो पोचला नाही हे दोघांनाही कळले नाही, तर काय होते?

विसाव्या शतकात या प्रश्नाची पायाभरणी तत्त्वज्ञांनी केली. जे. एल. ऑस्टिन यांची १९५५ची हार्वर्डमधली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली पुस्तकरूपाने आली. बोलणे ही कृती असते, हे त्यांनी त्यात मांडले. पॉल ग्राइस यांनी १९६७ साली तिथेच दाखवले की ऐकणारा शब्दार्थावर न थांबता बोलणाऱ्याच्या हेतूचा अंदाज बांधतो. दोघांचीही उदाहरणे बहुतेक टेबलाशी बसून रचलेली होती. खऱ्या माणसांचे खरे बोलणे टेपवर उतरवून, श्वास आणि अडखळणे यांसकट लिहून काढण्याचे काम केले हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी. बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते यावरचा त्यांचा १९७४चा निबंध वाचल्यावर जेवणाच्या टेबलावरची साधी बोलाचालीही पूर्वीसारखी ऐकू येत नाही.

त्यांच्या परंपरेने हाती दिलेले सर्वांत उपयोगी मोजमाप काळाचे आहे. जगातल्या दहा भाषांचा २००९ साली एक अभ्यास झाला. त्यात हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर येईपर्यंतची सरासरी फट सुमारे एक-पंचमांश सेकंद निघाली. एक शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायला याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलून संपण्याआधीच ऐकणारा त्याचा अर्थ ठरवून उत्तराला लागलेला असतो. घाईने अर्थ काढणे हा कुणा एका नवऱ्याचा दोष नाही, संभाषण चालतेच तसे. अॅनिटा पोमेरान्ट्झ यांनी १९८४ साली आणखी एक गोष्ट नोंदवली: रुकार झटकन येतो, नकार थबकत, ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तसं’ यांच्या आडून येतो. म्हणून ‘चालेल’चा अर्थ शोधायचा तर त्याच्या आधीची शांतता मोजावी. तत्काळ आलेले ‘चालेल’ आणि सेकंदभर थांबून आलेले ‘चालेल’ यांच्यात होकार आणि नकाराइतके अंतर असू शकते. मोबाइलवरच्या संदेशात ही शांतता पुसली जाते. उत्तर उशिरा आले ते मन नव्हते म्हणून, की गॅसवर दूध होते म्हणून, हे पडद्यावर दिसत नाही.

चूक झालीच तर तिची दुरुस्ती कशी होते, हा या शाखेचा गाभा आहे. बारा भाषांतल्या बोलण्याचा २०१५ साली झालेला एक तौलनिक अभ्यास सांगतो की सरासरी दर १.४ मिनिटांनी कोणीतरी ‘अं?’, ‘काय?’, ‘कोण?’ असे विचारून समोरच्याला अडवतो. माणसे एवढ्या वेळा दुरुस्ती करतात म्हणूनच बोलणे टिकते. पण या दुरुस्त्या बहुतेक न ऐकू आलेल्या किंवा न ओळखलेल्या गोष्टींच्या असतात. ऐकू आले, कळले असे वाटले, आणि चुकीचे कळले, अशा वेळी फक्त एकच संधी उरते. बोलणाऱ्याने समोरच्याचे उत्तर ऐकून ‘तसं नाही, मला असं म्हणायचं होतं’ असे तिथल्या तिथे म्हणायचे. शेग्लॉफ यांनी १९९२च्या निबंधात या तिसऱ्या पाळीला परस्परांची समजूत सावरण्याची अखेरची जागा मानले आहे. ‘चालेल’सारख्या शब्दांची अडचण अशी की ही जागा रिकामीच जाते. ‘चालेल’वर तो म्हणतो, ‘छान, मग दहाला निघू.’ या उत्तरात तिला तिचा अर्थ चुकला असल्याची कुठलीच खूण दिसत नाही.

मराठीत दुरुस्तीचे मुख्य हत्यार आहे ‘म्हणजे?’ आणि ‘म्हणजे काय?’. हे हत्यारच दुधारी आहे. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न असतो. ‘म्हणजे काय! येणारच’ हा ठाम होकार असतो. आणि हेल जरा टोकदार झाला की तोच जाब असतो. अर्थ विचारायला जावे आणि समोरच्याने तो जाब समजावा, असा दुसरा गैरसमज पहिल्यावर चढतो. शिवाय ‘म्हणजे काय?’ कोण कुणाला विचारू शकते, हे घरातल्या पायरीवर ठरत आले आहे. नवरा ‘तू’ म्हणणार आणि बायको ‘अहो’, ‘तुम्ही’ म्हणणार, अशा घरांत तिने तोंडावर ‘म्हणजे काय?’ विचारणे मर्यादेला सोडून मानले जाई. मग मुलाला पाठवले जाई, “बाबांना विचार, येणार म्हणजे जेवायला येणार का?” मुलांच्या तोंडून झालेल्या अशा दुरुस्त्यांचा अभ्यास व्हायला हवा. आज अनेक जोडपी एकमेकांना ‘तू’ म्हणतात. ‘म्हणजे?’ विचारण्याचा हक्क त्याबरोबर सारखा वाटला गेला का, हे तपासण्यासारखे आहे.

विचारण्यालाही मर्यादा आहे. हॅरल्ड गार्फिंकल यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या विद्यार्थ्यांना घरातले एखादे बोलणे दोन रकान्यांत लिहायला सांगितले: डावीकडे प्रत्यक्ष बोललेले, उजवीकडे त्यातून दोघांना कळलेले. एका जोडप्याच्या लहान मुलाने आज कुणी न उचलता पार्किंगच्या यंत्रात नाणे टाकले, एवढे नवरा सांगतो, आणि बायको विचारते ते एकदम एका दुकानाविषयी. उजवा रकाना डाव्यापेक्षा कितीतरी लांब झाला. दुसऱ्या एका प्रयोगात, दूरदर्शन पाहता पाहता ‘दमलो’ म्हणणाऱ्या नवऱ्याला विद्यार्थिनीने विचारले: कसा दमलास? शरीराने, मनाने, की कंटाळलास? त्याने सांगितले, तर तिने पुढे खोदले: स्नायू दुखतात की हाडे? थोड्याच वेळात तो भडकला. हे प्रयोग गार्फिंकल यांच्या १९६७च्या पुस्तकात आहेत. न सांगता कळावे ही अपेक्षा सहजीवनाचा आधार असते, आणि प्रत्येक शब्दाला उलगडा मागणे म्हणजे तो आधार काढून घेणे. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचे याचे सूत्र कुणी देऊ शकलेले नाही, आणि देता येईल असे मला वाटत नाही.

न सांगता कळावे ही अपेक्षा किती खरी ठरते? सॅवित्स्की, कीसार, एप्ली आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसवून दुहेरी अर्थाची रोजची वाक्ये बोलायला लावली. आपला जोडीदार आपला अर्थ अनोळखी माणसापेक्षा चांगला ओळखेल, अशी प्रत्येकाची खात्री होती. जोडीदारांनी अर्थ ओळखला तो अनोळखी माणसांहून सरस नव्हता. जवळीक वाढते तशी खात्री वाढते, अचूकपणा त्या मानाने वाढत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिशिया नोलर यांनी त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, याच वाटेवर आणखी खोल पाहिले होते. ‘मला थंडी वाजतेय, तुला नाही वाजत?’ हे वाक्य तीन प्रकारे म्हणता येते: साधी चौकशी म्हणून, जवळ घे अशा अर्थाने, आणि इतक्या वेळात हीटर लावायला काय झाले होते अशा तक्रारीने. संसारात असमाधानी असलेल्या जोडप्यांना अनोळखी माणसाच्या आवाजातला भाव जोडीदाराच्या आवाजातल्या भावापेक्षा बरा ओळखता आला. म्हणजे ओळखण्याची क्षमता होती, या एका माणसापाशी ती बंद झाली होती. जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांच्या १९७६च्या अभ्यासात दुःखी जोडप्यांचा बोलण्यामागचा हेतू सुखी जोडप्यांइतकाच चांगला असल्याचे आढळले. पोचलेला परिणाम मात्र वाईट होता.

या शाखेत तीव्र वादही आहेत. पुरुष आणि स्त्रिया दोन वेगळ्या रीतींत वाढतात म्हणून गैरसमज होतात, अशी एक मांडणी. डॅनिएल मॉल्ट्झ आणि रूथ बोर्कर यांनी १९८२ साली सुचवले की बाईचा ‘हं’ म्हणजे ‘ऐकतेय’ आणि पुरुषाचा ‘हं’ म्हणजे ‘पटलं’. टॅनन यांच्या १९९०च्या लोकप्रिय पुस्तकाने ही दिशा घराघरांत नेली. त्याआधी पामेला फिशमन यांनी तीन जोडप्यांच्या घरांतले ५२ तासांचे बोलणे टेपवर घेऊन वेगळेच चित्र मांडले होते: पुरुषांनी काढलेले विषय जवळपास सगळे पुढे चालले, बायकांचे अनेक विषय नुसत्या ‘हं’वर विझले, आणि बोलणे चालू ठेवण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याला आले. डेबोरा कॅमेरॉन यांनी २००७ साली स्त्रीपुरुषांच्या भाषा मुळातच वेगळ्या असतात या समजावर कडाडून टीका केली. माझा कौल फिशमन आणि कॅमेरॉन यांच्याकडे झुकतो. पेपर वाचता वाचता आलेला ‘हं’ हा रीतीचा फरक म्हणून सोडून देता येत नाही. आणि ‘तू चुकीचा अर्थ काढलास’ हे वाक्य घरात कोण जास्त वेळा म्हणतो, अखेर कुणाचा अर्थ खरा ठरतो, हे न पाहता गैरसमजाचा अभ्यास पुरा होत नाही. तरीही टॅनन यांच्या ‘ओके’ने मला जे शिकवले ते सोडायला मी तयार नाही.

वर उल्लेखिलेल्या दहा भाषांच्या आणि बारा भाषांच्या दोन्ही अभ्यासांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठी घरातले बोलणे, त्यातले ‘अगं’, ‘अहो’, ‘जरा’, ‘आलोच’, तिथली तिसऱ्या माणसाची हजेरी, या सगळ्यांसाठी अभ्यासक इथलेच लागतील, आणि त्यासाठी पदवी असण्याची पूर्वअट नाही. एक शब्द निवडा. समजा ‘बघू’. आठवडाभर तो कानावर पडेल तेव्हा टिपून ठेवा: कोण कुणाला म्हणाले, कशाच्या उत्तरादाखल, किती थांबून, जवळ कोण होते, आणि पुढे त्या गोष्टीचे काय झाले. मग दोघांना वेगवेगळे विचारा, आणि गार्फिंकल यांच्यासारखे दोन नव्हे, तीन रकाने करा: बोललेले, त्याला कळलेले, तिला कळलेले. उत्तरे एकमेकांना दाखवायची की नाही ते त्या दोघांवर सोडा. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर दोघांचीही संमती आधी आणि स्वतंत्रपणे घ्या, घरात इतर माणसे असतील तर त्यांचीही, आणि एकानेही नंतर मन बदलले तर ते मुद्रण पुसून टाका.